‘नेट’ म्हणजे नक्की किती? एका छोट्या इंग्रजी शब्दाचे धंद्यातले अर्थ

आज एकच शब्द घेऊ: नेट. आपल्या वाशीमकडे हा शब्द कुणाला नवीन नाही. इंटरनेट संपलं की आपण म्हणतो ‘नेट नाही’, भाजीच्या रोपांवर बांधतो ती शेडनेट आणि पोरं क्रिकेटचा सराव करतात तेही नेटमध्येच. हे सगळे नेट जाळीचे. ‘नेट बँकिंग’मधला नेटसुद्धा इंटरनेटचाच, त्यात काही वजा होत नाही (बँकेचे चार्जेस सोडून!). आणि आपण मराठीत ‘नेटानं काम कर’ म्हणतो, तो तर आपला घरचा शब्द.

आज बोलायचंय ते विशेषण असलेल्या नेटबद्दल. नेट वेट, नेट प्रॉफिट, नेट वर्थ, नेट पेएबल. हा शब्द इटालियन-फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ आहे ‘स्वच्छ’. म्हणजे वरचं सगळं झाडून टाकल्यावर जे उरतं ते. मराठीत त्याला ‘निव्वळ’ म्हणतात. त्याच्या समोरचा ‘ग्रॉस’ म्हणजे मुळात ‘जाडा’, सगळं धरून. पण नेट दिसलं की एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही: काय वजा केलं? कारण प्रत्येक ठिकाणी वजा होणारी गोष्ट वेगळी असते, आणि गडबड तिथंच होते.

खरं सांगू? शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे शिकवायची गरज नाही. वाशीम, रिसोड किंवा कारंज्याच्या बाजार समितीत सोयाबीन नेणाऱ्या तुमच्या वडिलांना नेट बरोबर कळतो. काट्यावर भरलेली गाडी चढते, मग खाली गाडी, आणि पावतीवर तीन आकडे येतात: ग्रॉस, टेअर, नेट. टेअर म्हणजे गाडीचं किंवा बारदान्याचं वजन. हा शब्द मूळ अरबी, ‘टाकून द्यायचं ते’ अशा अर्थाचा. कट्ट्यामागं किती कडता कापला यावर वडील अडत्याशी भांडतात. हमाली-तोलाई कापून पट्टीवर शेवटी जो आकडा येतो, तोच घरी येऊन सांगतात. बाजारात काय भाव फुटला ते नंतर. तोच मुलगा हळद पावडरचा धंदा सुरू करतो आणि मित्रांना सांगतो, “या महिन्यात सव्वीस हजारांचा माल गेला.” बापानं असा हिशेब आयुष्यात सांगितला नसता.

तर हळदीवरच बोलू. खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावचे भाव टाकून पुन्हा मांडा.

धरा, मंगरूळपीरला तुम्ही १०० किलो हळकुंड १५० रुपये किलोनं घेतलं, १५,००० रुपये. दळणात घट जाऊन ९६ किलो पावडर हाती आली. २०० ग्रॅमची ४८० पाकिटं झाली. दुकानदाराला पाकीट ५५ रुपयांना दिलं, म्हणजे विक्री २६,४०० रुपये. दळणाई किलोला १५ प्रमाणे १,५०० आणि पाऊच-लेबल पाकिटामागं ४ प्रमाणे १,९२०. माल, दळणाई आणि पॅकिंग मिळून १८,४२० गेले, उरले ७,९८०. हा झाला ग्रॉस प्रॉफिट. आपल्याकडं नव्या धंदेवाल्याच्या डोक्यात बहुतेक हाच आकडा बसलेला असतो.

आता पुढचं मोजा. अकोल्यापर्यंतचं भाडं १,२००. फाटकी म्हणून परत आलेली १० पाकिटं, ५५० रुपये. जागा आणि लाईट बिलाचा या मालापुरता वाटा १,०००. आणि तुमची स्वतःची पाच दिवसांची मजुरी, ५०० प्रमाणे २,५००. ही मजुरी कुणी लावत नाही! “घरचंच तर काम आहे.” अहो ताई, तेवढे दिवस दुसऱ्याकडं गेला असता तर पैसे मिळालेच असते ना? हे ५,२५० वजा केले की उरतात २,७३० रुपये. हा नेट प्रॉफिट, पाकिटामागं पावणेसहा रुपयांच्याही जरा आत.

मग दुकानदार म्हणतो, “भाऊ, पाच रुपये कमी करा, सगळा माल मीच घेतो.” डोक्यात ७,९८० असलेला माणूस आनंदानं हो म्हणतो. ४८० पाकिटांवर पाच रुपये म्हणजे २,४००. नेटमधून ते गेले की हातात ३३० रुपये. शंभर किलो हळदीमागं! सौदा करूच नका असं मी म्हणत नाही. सगळा माल एकाच ठिकाणी गेला तर भाडं वाचेल, परतीचा माल कमी होईल, कदाचित परवडेलही. पण हे गणित दुकानाच्या पायरीवर उभं राहून होत नाही, घरून करून जावं लागतं.

हिशेबातला नेट चुकला तर नुकसान तुमचं. पाकिटावरचा नेट चुकला तर कायदा आडवा येतो. पॅकबंद मालासाठी २०११ चे वैधमापन नियम आहेत. त्यानुसार पाकिटावर छापायचं ते निव्वळ वजन, म्हणजे पाऊच सोडून आतली हळद. ‘अंदाजे २०० ग्रॅम’, ‘सरासरी’, ‘किमान’ असले शब्द जोडायची सोय नाही. आता समजा तुमचा पाऊच ४ ग्रॅमचा आहे आणि काट्यावर पाऊचसकट २०० ग्रॅम भरलं. आत हळद १९६ ग्रॅम. “नियमात थोडी सूट असते ना?” असते. २०० ग्रॅमच्या पाकिटाला साडेचार टक्के, म्हणजे ९ ग्रॅमपर्यंत. पण ती सूट एखाद्या पाकिटातल्या चुकीसाठी आहे. तपासणीत नमुन्यांची सरासरीही बघतात, आणि ती छापलेल्या वजनापेक्षा कमी चालत नाही. तुमचं प्रत्येकच पाकीट १९६ चं असेल तर सरासरी कुठून भरणार?

म्हणून काही जण भीतीपोटी २०४ ग्रॅम भरतात. ४८० पाकिटांत जास्तीची १,९२० ग्रॅम हळद गेली, म्हणजे साडेनऊ पाकिटं, पाचशेच्या वर रुपये. आत्ताच बघितलं, नेट २,७३० होता! उपाय अगदी साधा आहे. रिकामा पाऊच काट्यावर ठेवा, टेअरचं बटण दाबा, शून्य आलं की भरा. काटा मात्र दरवर्षी वैधमापनवाल्यांकडून तपासून शिक्का मारलेला हवा. घरगुती स्वयंपाकाचा काटा चालत नाही.

आता बिलावरचा नेट, इथं तो थोडा वेगळा वागतो. मोठ्या दुकानाच्या ऑर्डरवर ‘नेट ३०’ असं लिहिलेलं दिसेल. याचा ३० टक्क्यांशी काही संबंध नाही. बिलाची पूर्ण रक्कम ३० दिवसांत, एवढाच अर्थ. ‘२/१०, नेट ३०’ असेल तर दहा दिवसांत दिल्यास दोन टक्के सूट, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण. कुणी ‘नेट ९०’ लिहून आणलं तर सही करण्याआधी थांबा. एमएसएमईडी कायदा, २००६ म्हणतो की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांच्या पुढं ठेवता येत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज मागता येतं. त्यासाठी तुमची उद्यम नोंदणी हवी, आणि तुम्ही माल बनवणारे किंवा सेवा देणारे हवेत. नुसता खरेदी-विक्रीचा व्यापार असेल तर हा लाभ मिळत नाही. प्रत्यक्षात व्याज मागून गिऱ्हाईक तोडायला कुणी तयार नसतं, हे मलाही माहीत आहे. पण मुदत ठरवतानाच कायद्याचं नाव काढलं तर नव्वदाचे पंचेचाळीस होण्याची शक्यता बरीच वाढते.

बाकीचे नेट पटकन घेऊ. जीएसटीत विक्रीवर घेतलेल्या करातून खरेदीवर भरलेला कर वजा करून उरतो तो नेट कर. तो पैसा सरकारचा आहे, गल्ल्यात दिसतो म्हणून नफ्यात धरू नका. छपरावर सोलर बसवलं तर महावितरणचं नेट मीटर घेतलेल्या आणि परत दिलेल्या युनिटांची वजाबाकी करतं. आणि कर्ज मंजूर झालं की विचारा, “साहेब, प्रोसेसिंग फी, विमा कापून खात्यात नेट किती जमा होणार?” दोन लाखांची मशीन आणि खात्यात त्याहून कमी, असं झालं तर फरक खिशातून घालावा लागतो.

राहिलं नेट वर्थ. बँकेत फॉर्म भरताना शेत, घर, ट्रॅक्टर सगळं लिहिलं जातं आणि माणूस खूश होतो. त्यातून ट्रॅक्टरचं राहिलेलं कर्ज, पीककर्ज, बचत गटाचे हप्ते, मेहुण्याकडून घेतलेले उसने, सगळं वजा करायचं असतं. मेहुण्याचे पैसे फॉर्मवर कुणी लिहीत नाही, पण घरच्या वहीत तरी लिहा.

पुढच्या व्हिडिओत ‘फिक्स्ड’ घेऊ. फिक्स्ड खर्च, फिक्स्ड डिपॉझिट आणि ‘भाऊ, रेट फिक्स्ड आहे’ या तिघांत काय फरक आहे ते बघायचंय. तोपर्यंत वरचं हळदीचं गणित स्वतःच्या मालाचे आकडे टाकून एकदा मांडून ठेवा, मजुरीसकट.