अर्धवट व्यवहाराला जागा नाही

एका खात्यातून ५०० रुपये वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधीच सर्व्हर बंद पडला, तर? डेटाबेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये टिपतो, मगच मूळ फाईलला हात लावतो. पुन्हा सुरू झाल्यावर तो लॉग चाळतो. कमिटची, म्हणजे व्यवहार पूर्ण झाल्याची, नोंद सापडली तर व्यवहार पक्का. नाहीतर पैसे वजा झालेच नव्हते. या विषयातल्या मूलभूत कामासाठी जिम ग्रे यांना १९९८चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.

वजा-जमेच्या या सूचना बऱ्याचदा स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्राममध्ये असतात. खरी गंमत एका प्रोसिजरने दुसरीला बोलावलं की सुरू होते. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये दोघींनी ट्रान्झॅक्शन, म्हणजे व्यवहार, उघडलं, तर आतलीचं कमिट उघड्या ट्रान्झॅक्शनच्या मोजणीचा आकडा नुसता दोनवरून एकवर आणतं. पक्कं काहीच होत नाही. आतलीचा साधा रोलबॅक, म्हणजे व्यवहार मागे घेणं, मात्र बाहेरचंही सगळं पुसून टाकतो! नवख्यांना हा उघड अन्याय वाटतो. मला विचाराल तर पैशांच्या बाबतीत हेच बरं. फक्त आतलं काम मागे घ्यायचं असेल, तर आधीच सेव्हपॉइंट, म्हणजे परत येण्याची खूण, लावून ठेवावा. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसने तर प्रोसिजर आणल्या त्याच मुळी २०१८ साली, अकराव्या आवृत्तीत. फंक्शनच्या आतून मात्र कमिट करायला तिथे आजही मनाई आहे.