हिशेब एका बादलीचा

डिसेंबर उजाडला की नाशिकची थंडी अंगात भरते आणि घराघरांत गॅस गिझर सुरू होतात. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गिझर ५ मिनिटे चालू ठेवून शॉवर घेतला, तर ३० लिटर पाणी जाते. बादलीत १५ लिटरमध्ये भागते. २० अंशांचे पाणी ४० अंशांवर नेण्यास बादलीमागे सुमारे ३५ ग्रॅम गॅस जळतो. चार माणसांचे महिन्याला सव्वाचार किलो झाले, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा जवळजवळ तिसरा हिस्सा! शॉवरला याच्या दुप्पट.

पण पैशापेक्षा जीव मोठा. थंडी वाजते म्हणून आपण न्हाणीघराची खिडकी लावून घेतो. कोंडलेल्या जागेत हवा अपुरी पडली की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, चक्कर येते आणि कडी काढायचेही त्राण उरत नाही.

म्हणून भगिनींनो, गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. तोवर खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मगच अंघोळीला बसा. ज्योत पिवळी दिसली तर गिझर वापरू नका, कारागीर बोलवा. बादलीने गॅसही वाचतो आणि माणूसही.