वर्गाचं पुस्तकांचं कपाट कसं भरावं?

भिवंडीतल्या शाळेत वर्गासाठी पुस्तकं घ्यायची ठरली, की आधी भाषेचा प्रश्न उभा राहतो. शाळा मराठी माध्यमाची असली तरी मुलांच्या घरी मराठीच बोलतात असं नाही. यंत्रमागांच्या कामासाठी तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, उत्तर प्रदेश-बिहारमधून कामगार आले; कोकणी मुसलमानांची वस्ती त्याच्याही आधीची. एकाच बाकावर घरी तेलुगू, उर्दू नि आगरी बोलणारी मुलं शेजारी बसतात. म्हणून यादी प्रकाशकाचं सूचिपत्र समोर ठेवून करू नये, हजेरीपट समोर ठेवून करावी. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी टिपाव्यात: घरची भाषा कोणती, न अडखळता किती वाचता येतं आणि हे मूल सारखं कशाबद्दल विचारत असतं.

मग पैसे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय, त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तकं हवीत असं नमूद आहे. समग्र शिक्षा योजनेच्या २०१८ च्या आराखड्यात सरकारी प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत, तर पहिली ते आठवीच्या शाळेसाठी १३,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. १३,००० म्हणजे किती पुस्तकं? सरासरी ६० रुपयांची १०० पातळ पुस्तकं घेतली तर ६,००० गेले. १५० रुपयांची ३५ घेतली, ५,२५० गेले. उरलेल्या १,७५० मध्ये ३५० रुपयांची पाच जाड, चित्रमय माहितीची पुस्तकं येतात. एकूण १४०. हाच पैसा एखाद्या तयार संचावर घातला, तर बोधकथा आणि थोरांची चरित्रं यांचीच थप्पी पदरात पडण्याचा धोका असतो.

गोष्टींना निम्म्याहून जास्त जागा देऊ नये. उरलेल्या जागेत विज्ञान, निसर्ग, इतिहास, कविता, कोडी, हस्तकला आणि चरित्र यांचा वाटा असावा. त्यातली काही पुस्तकं तरी गावाशी नातं सांगणारी असावीत. ज्याचे वडील माग चालवतात त्याला कापूस, सूत आणि यंत्रं यांवरचं पुस्तक हवंसं वाटणारच. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं याच तालुक्यातली, म्हणून भूगर्भावरचं पुस्तक घ्यावं. लोनाडची लेणी इथलीच, म्हणून लेण्यांवरचंही. कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी स्वराज्यात आणली, तेव्हा त्या काळातल्या बंदरांवरचं आणि व्यापारावरचं एखादं पुस्तक हवंच.

लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं, थोड्या मोठ्यांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, मारुती चितमपल्लींचं जंगलावरचं लेखन आणि अनेक भारतीय भाषांत आलेलं ‘तोत्तोचान’ हा चांगला पाया होतो. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. वर्गणी बेताची आणि मजकूर तऱ्हेतऱ्हेचा. उर्दू वाचणाऱ्यांसाठी राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचं ‘बच्चों की दुनिया’ आहे. भाषांचा गुंता सोडवायला प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं ‘स्टोरीवीव्हर’ फार कामाचं. तिथे एकच चित्रकथा अनेकदा मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी अशा भाषांत मिळते आणि ती फुकट छापूनही घेता येते. दोन भाषांतल्या प्रती शेजारी ठेवल्या, की मुलं एकमेकांना वाचून दाखवतात.

खरेदीआधी पुस्तक हातात घेऊन पाहावं. मध्यावर उघडून दोन्ही बाजूंनी जरा दाबावं. नुसत्या डिंकावर चिकटवलेली पानं लगेच कुरकुरतात, शिवलेली किंवा मध्ये पिना मारलेली टिकतात. माहितीच्या पुस्तकात आवृत्तीचं साल बघावं. आठऐवजी अजून नऊच ग्रह मोजणारं किंवा आठच सांगून प्लूटोचा खुलासा न करणारं पुस्तक २००६ नंतर जुनं झालं. चित्रंही तपासावीत: विमान चालवणारी मुलगी दिसते का, बुरख्यातली किंवा नऊवारीतली आई केवळ स्वयंपाकघरातच आहे का?

पुस्तकं आली की पायऱ्या लावाव्यात. बंगळुरूच्या हिप्पोकॅम्पस संस्थेने हिरवा, लाल, केशरी, पांढरा, निळा, पिवळा अशी चढत्या क्रमाची सहा रंगांची पद्धत वापरात आणली. पुठ्ठ्याच्या कण्यावर रंगीत चिकटपट्टी लावली की झालं. आपल्याला कोणतं झेपेल हे मुलानेच पाहावं: एक पान वाचताना न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं, पाचही दुमडली तर सध्या ते पुस्तक मोठ्या कुणाकडून वाचून घ्यायचं. रंग मात्र वाट दाखवण्यापुरता. पिवळं पुस्तक हवं म्हणणाऱ्या हिरव्या पायरीवरच्या मुलाला अडवू नये.

आता कुलपाची गोष्ट. दाखल नोंदवहीतलं पुस्तक हरवलं तर जबाब कोण देणार, या धास्तीने कपाटं बंद राहतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत मात्र, वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच गहाळ होणं, त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर, वाजवी मानलं आहे. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ पुस्तकांची तेवढी चौकशी होते. हा नियम केंद्रीय कार्यालयांसाठी आहे, पण त्यामागचा विचार शाळेनेही घ्यावा. पुस्तक झिजलं, फाटलं तर ते वापरलं गेलं. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावं, खालचा कप्पा रिकामा ठेवावा. ओल आणि वाळवी मुलांपेक्षा जास्त पुस्तकं संपवतात.

घरी नेलेलं पुस्तक एकटं मूलच वाचतं असं नाही. मागावर बारा तासांची पाळी करून आलेला मोठा भाऊ, शाळा सुटलेली आई यांनाही सोप्या भाषेतली माहिती हवी असते. म्हणून शरीर, पैसा, कायदा, प्रवास यांवरची चार-सहा पुस्तकं मोठ्यांच्या मापाची घ्यावीत. त्यापुढची भूक वाचन मंदिरासारखं गावातलं जुनं वाचनालय भागवू शकतं. ऑनलाइन मराठी विश्वकोशही सर्वांना खुला आहे.

वर्षअखेरी देवघेव वही घेऊन बसावं. एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं वेगळी काढावीत, दुसऱ्या वर्गाशी अदलाबदल करावी. जे पुस्तक सर्वात जास्त हातांतून गेलं त्याची आणखी एक प्रत घ्यावी. वहीच्या शेवटच्या पानावर ‘हवं होतं, मिळालं नाही’ असा रकाना असावा आणि तो मुलांनी स्वतः भरावा. पुढच्या वर्षीच्या खरेदीचा पहिला निम्मा भाग त्या रकान्यातूनच निघाला पाहिजे.