श्वानांसह येणारा अतिथी

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या आठवड्यात लोणावळ्याच्या आमच्या बंगल्यासाठी एक विचारणा आली. मुंबईचे वयोवृद्ध दांपत्य, तीन रात्रींचा मुक्काम, भोजन पूर्ण शाकाहारी आणि सोबत कसलाही गोंधळ नाही. असे पाहुणे मिळणे हे भाग्यच. परंतु विचारणेच्या अखेरीस एक वाक्य होते : सोबत तीन कुत्रे असतील, त्यांपैकी एक वृद्ध असून त्याला दिसत नाही. त्या एका वाक्यावर आमच्या कुटुंबात दोन दिवस चर्चा चालली.

हा बंगला वडिलांनी कापडाच्या दुकानाच्या मिळकतीतून बांधला. आज आम्ही तिघे भाऊ त्याचे मालक आहोत. वर्षातील जेमतेम वीस-पंचवीस दिवस कुटुंबातील कोणी तेथे राहते. रंगरंगोटी, छपराची गळती, कर आणि राखणदाराचे वेतन यांचा भार मात्र बारा महिने असतो. म्हणून रिकाम्या दिवसांत तो पर्यटकांना देण्याचा निर्णय आम्ही घेतला. लोणावळा, खंडाळा, पाचगणी, अलिबाग येथे आपल्या समाजातील अनेक कुटुंबांच्या अशा वास्तू आहेत. त्या भाड्याने देणाऱ्यांना हा प्रश्न आज ना उद्या पडणारच, कारण पाळीव प्राण्याला घरी ठेवून सहलीला जाणारी कुटुंबे कमी होत आहेत आणि एकाऐवजी दोन-तीन प्राणी पाळणारी घरे वाढत आहेत.

थोरल्या बंधूंचा नकार स्पष्ट होता आणि त्यामागे कारणही होते. त्याआधीच्या पावसाळ्यात ‘एक छोटा कुत्रा’ असे सांगून आलेल्या मंडळींनी प्रत्यक्षात चार कुत्रे आणले. ते दोन वेगवेगळ्या घरांतले होते आणि एकमेकांस अनोळखी. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच भांड्यावरून त्यांच्यात झुंज लागली. आमच्या राखणदाराची पत्नी त्या वेळी ओसरी झाडत होती. ती मध्ये सापडली आणि तिच्या पोटरीला चावा बसला. कुत्र्यांच्या लसीकरणाचा कागद कोणाजवळही नव्हता. मुक्काम संपला, पाहुणे निघून गेले. ती माउली मात्र चार आठवडे लशीसाठी रुग्णालयाच्या फेऱ्या घालत राहिली. पुढे पंधरवड्याने भिंतींच्या फटींतून गोचीड बाहेर पडू लागले, ते निराळेच. गादी, सोफ्याची खोळ आणि दाराची चौकट यांच्या नुकसानीबद्दल अनामत रक्कम रोखून धरली, त्यावरून महिनाभर वाद झाला.

“आता पुन्हा तीन?” असे बंधूंनी विचारले, तेव्हा त्यांना चूक ठरवणे कोणालाच शक्य नव्हते.

मी बँकेत छत्तीस वर्षे काढली, त्यांतील बराच काळ कर्जविभागात. तेथे एक गोष्ट मनावर ठसली. कर्ज बुडते ते वसुलीच्या वेळी नव्हे. ते मंजुरीच्या वेळीच बुडालेले असते. अर्ज नीट वाचला नाही, विचारायचे ते विचारले नाही, म्हणून पुढे वसुलीसाठी धावावे लागते. पावसाळ्यातील त्या प्रसंगाकडे मी याच नजरेने पाहिले, तेव्हा दोष केवळ पाहुण्यांचा दिसेना. आम्ही त्यांना एकच प्रश्न विचारला होता : कुत्रे किती? आणि तोच सर्वांत कमी उपयोगाचा प्रश्न होता.

एकाच घरात वर्षानुवर्षे एकत्र वाढलेले तीन श्वान हे दोन घरांतून आलेल्या दोन श्वानांपेक्षा बहुधा अधिक शांत असतात. त्यांच्यात कोण आधी खाणार, कोण कोठे झोपणार हे ठरून गेलेले असते. अनोळखी श्वान मात्र नव्या जागेत प्रथम अन्नावरून आणि जागेवरून भांडतात. म्हणून संख्येआधी विचारावे, ते एकाच घरातले आहेत काय? त्यांची वये काय? निर्बीजीकरण झाले आहे काय, एखादी मादी माजावर तर नाही? मालक बाहेर गेले असता ते एकटे राहू शकतात काय, की भुंकून आणि दारे ओरबाडून आकांत करतात? वार्षिक लसीकरणाची नोंद आहे काय? या प्रश्नांना जो मोकळेपणाने उत्तरे देतो, त्याच्या घरचे वळण उत्तरांतूनच कळते. जो त्रासून “आमचे कुत्रे फार चांगले आहेत” एवढेच सांगतो, त्याच्या बाबतीत सावध राहावे.

लसीकरणाचा आग्रह हा कागदी सोपस्कार समजू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर त्या रोगातून रुग्ण वाचत नाही, असेच मानावे लागते. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम ताबडतोब वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना, तिखट असले काहीही जखमेत भरू नये. ही सूचना आम्ही आता स्वयंपाकघराच्या दारामागे लावली आहे. कायद्याच्या दृष्टीनेही आपल्या ताब्यातील प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे. मुक्कामात श्वान ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची, हे पाहुण्यांना आधीच लिहून कळवलेले बरे.

आता व्यवहाराचा भाग. अनेकजण प्रत्येक श्वानामागे ठरावीक रक्कम आकारतात. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ही पद्धत पटत नाही. एक कुत्रा आला तरी सर्व खोल्यांची कसून सफाई, सर्व खोळींची धुलाई आणि पुढील पाहुण्यांपूर्वी एक दिवस बंगला मोकळा ठेवणे आवश्यकच असते. हा स्थिर खर्च आहे. दुसऱ्या व तिसऱ्या श्वानामुळे त्यात थोडीच भर पडते. तो बदलता खर्च. म्हणून आम्ही मुक्कामामागे १,५०० रुपये आणि पहिल्यानंतरच्या प्रत्येक श्वानामागे ३०० रुपये असा आकार ठरवला. त्यात नफा धरलेला नाही. आकार वाजवी असला की पाहुणा चौथा कुत्रा लपवून आणत नाही, हाही एक लाभ.

अनामत रकमेबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. ‘नियम मोडल्यास अनामत जप्त’ असे लिहिले म्हणजे सगळी रक्कम आपली झाली, असे नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगाची रक्कम आधी ठरलेली असली तरी तिच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळू शकते. म्हणून आगमनाच्या वेळी पाहुण्यांच्या समक्ष खोल्यांची छायाचित्रे घ्यावीत, निघताना पुन्हा घ्यावीत, दुरुस्तीची पावती द्यावी आणि उरलेली रक्कम आठवड्याच्या आत परत करावी. पावसाळ्यातील वादात आमच्याकडे छायाचित्र एकही नव्हते.

घरातील खरी अडचण याहून नाजूक होती. वहिनींनी विचारले, “श्वानांच्या आहाराचे काय? आपल्या चौक्यात ते चालणार नाही.” बाजारातील कोरड्या श्वानखाद्यात बहुधा मांसाचा अंश असतो. दोन दिवसांसाठी प्राण्याचा आहार एकाएकी बदलणेही योग्य नाही, त्याने पोट बिघडते. अखेर असे ठरले की स्वयंपाकघरात श्वानांचे अन्न वा भांडी येणार नाहीत. पाहुण्यांनी ते स्वतःच्या भांड्यांत, मागील ओसरीवर द्यावे आणि जागा स्वतः धुवावी. कच्चे वा शिजवलेले मांस मात्र आवारात आणता येणार नाही. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी दुसरी जागा पाहावी. काही कुटुंबांना एवढी सवलतही रुचणार नाही. त्यांनी तसे आरक्षणापूर्वीच सांगावे. पाहुणे दारात आल्यावर सांगणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. जाता जाता एक गोष्ट नमूद करतो : कांदा आणि लसूण हे श्वानांना विषारी ठरतात, तसेच द्राक्षे, मनुका आणि चॉकलेटही. त्यामुळे कांदा-लसूण वर्ज्य असलेले आपले स्वयंपाकघर त्यांच्यासाठी इतरांहून अधिक सुरक्षित, हे ऐकून वहिनींना हसू आले.

गोचिडांचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. घरात शिरलेली एक मादी हजारोंच्या संख्येने अंडी घालते आणि हे जीव अन्नावाचून कित्येक महिने फटींत तग धरतात. पावसाळ्यानंतर आम्हाला दोनदा औषधफवारणी करावी लागली. ज्या घरात पाणी गाळून घेतले जाते, त्या घरात आम्ही पैसे मोजून असंख्य जीवांचा संहार करविला, याची खंत आईच्या माघारीही आम्हाला वाटली. येण्यापूर्वी पशुवैद्याकडून श्वानांवर गोचीडप्रतिबंधक उपाय करून घ्यावा, ही अट म्हणूनच आम्ही पहिल्या क्रमांकावर ठेवली. आधीची खबरदारी हीच येथे सर्वांत कमी हिंसेची वाट आहे.

दुसरीही बाजू आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध, म्हणजे प्राण्याला बांधून ठेवणे, आणि अन्नपाननिरोध, म्हणजे त्याला अन्नपाण्यावाचून ठेवणे, यांचा समावेश आहे. प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० सुद्धा आखूड वा जड साखळीने प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा मानतो. ‘कुत्रे आणा, पण घराबाहेर बांधा’ असा नियम काही बंगल्यांवर दिसतो. तो मला पटत नाही. शिवाय सह्याद्रीच्या या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य. रात्री बाहेर बांधलेला श्वान पळूनही जाऊ शकत नाही. श्वानाला घरात घ्यावयाचे असेल तरच होकार द्यावा. नसेल तर नम्रपणे नकार द्यावा. मधला मार्ग त्या मुक्या जीवाच्या वाट्याला दुःख आणतो.

सर्व अटी लिहून झाल्यावर धाकट्या भावाने विचारले, “राखणदाराच्या पत्नीला कोणी विचारले का?” आम्ही तिघेही गप्प झालो. केस, विष्ठा, ओले पाय पुसलेली फडकी, हे सारे निस्तरणारी ती. आकार आमच्या खात्यात, कष्ट तिच्या वाट्याला आणि चावाही तिलाच. होकार मात्र आम्ही परस्पर देत होतो. मी दूरध्वनी केला, तेव्हा ती क्षणभर थांबून म्हणाली, “साहेब, कुत्र्यांचं भ्या न्हाई. पर ती मोकळी असताना मला आत बोलवू नका.” त्या एका वाक्यातून आमचा सर्वांत उपयुक्त नियम तयार झाला : सफाईच्या वेळी सर्व श्वान पट्ट्यात, मालकाच्या हाती आणि दुसऱ्या खोलीत. १,५०० रुपयांपैकी ७०० रुपये थेट तिला द्यावेत, असेही ठरले. थोरल्या बंधूंनी याच मुद्द्यावर आपला विरोध मागे घेतला.

ते दांपत्य ठरल्या दिवशी आले. तिन्ही लसीकरण पुस्तिका, स्वतःच्या चादरी, भांडी, विष्ठा उचलण्याच्या पिशव्या असे सर्व सामान बरोबर होते. आंधळ्या श्वानाला पायऱ्या ठाऊक होईपर्यंत ते गृहस्थ स्वतः वाकून त्याचे पंजे एकेका पायरीवर ठेवत होते, असे राखणदाराने सांगितले. दुसऱ्या रात्री त्याच श्वानाने गादी ओली केली. सकाळी आम्हाला कळण्यापूर्वी पाहुण्यांचाच दूरध्वनी आला. गादी धुण्याचे ९०० रुपये अनामतीतून वजा झाले, पावती गेली, उरलेली रक्कम तिसऱ्या दिवशी परत केली. वाद झाला नाही.

त्यानंतर श्वानांसह येणाऱ्या पाच कुटुंबांना आम्ही होकार दिला आणि दोघांना नकार. त्यांपैकी एका नकाराचे कारण दोन घरांतले अनोळखी श्वान हे होते, दुसऱ्याचे लसीकरणाची नोंद नसणे. दोघांनाही कारण सांगितले. त्यांतील एकाने नोंदी करवून घेऊन पुढील महिन्यात पुन्हा विचारणा केली आणि ते येऊनही गेले.

ज्या कुटुंबांच्या अशा वास्तू आहेत, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. मोसम सुरू होण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसावे, घरातील वडीलधाऱ्यांची मर्यादा समजून घ्यावी, अटी एका पानावर लिहून काढाव्यात. आणि त्या बैठकीत सफाई करणाऱ्या व्यक्तीलाही बोलवावे. आम्ही तिला शेवटी विचारले. तुम्ही प्रथम विचारा.