फळी आडवी वाढते

माझे पहिले टेबल वैशाखात फुटले. रात्री साडेअकराच्या सुमाराला बाहेरच्या खोलीत फटाका वाजल्यासारखा आवाज झाला. दिवा लावून पाहिले तर टेबलाच्या पृष्ठभागावर या टोकापासून मध्यापर्यंत चीर गेलेली. त्यावर काही जड ठेवलेले नव्हते, कोणी बसलेही नव्हते. आदल्या श्रावणात मी ते स्वतःच्या हाताने केले होते. देवदारी खोक्यांच्या फळ्या रंधून, कडेला कड लावून चिकटवल्या होत्या. खाली तीन आडव्या पट्ट्या ठेवून त्याही भरपूर फेव्हिकॉल घालून, स्क्रू मारून घट्ट बसवल्या होत्या. घट्ट म्हणजे मजबूत, अशी माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या मिस्त्रींना बोलावले. ते वाकले, चिरेत नख घालून पाहिले आणि म्हणाले, "ताई, फळी आडवी वाढते, उभी नाही. तुम्ही तिला बांधून ठेवलीत."

या एका वाक्याचा अर्थ शोधताना माझी पुढची चार वर्षे गेली. सुतारकामाचे शिक्षण मला नाही आणि शास्त्राचेही नाही. जे कळले ते वाचून, विचारून आणि लाकूड वाया घालवून कळले आहे.

लाकूड म्हणजे उभ्या, पोकळ, बारीक नळ्यांची मोळी. झाड कापले की नळ्यांच्या पोकळीतले पाणी आधी निघून जाते, तेव्हा आकारात फरक पडत नाही. नंतर नळ्यांच्या भिंतींत मुरलेले पाणी सुटू लागते आणि तेव्हापासून लाकूड आकसते. भिंती जाडीला कमी-जास्त होतात, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून ओल्या झाडापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत लांबीत हजारात एक-दोन भागांचाच फरक पडतो, पण रुंदीत शेकडा पाच-सहा किंवा अधिकही पडतो. रुंदीतही दोन दिशा आहेत. वाढीच्या वलयांना समांतर दिशेने लाकूड जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मे ते वलयांना काटकोनात आकसते. सागवानाचे आकडे पहिल्या दिशेला 5.8 टक्के आणि दुसऱ्या दिशेला 2.5 टक्के असे आहेत. फळी वाटीसारखी वाकते ती या दोन दिशांच्या भांडणामुळे.

आणि हे एकदाच घडून संपत नाही. वाळलेले लाकूडही हवेशी देवाणघेवाण करत राहते. पुण्याच्या एप्रिलमधल्या दुपारी घरातल्या लाकडात साधारण 6-7 टक्के पाणी उरते, तर आषाढ-श्रावणात ते 15-16 टक्क्यांवर जाते. कपाटाचा खण पावसाळ्यात अडतो आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळा होतो, तो यामुळेच. हिशोब करून पाहा. एक फूट रुंदीची सागाची फळी या दोन ऋतूंत सुमारे दीड-पावणेदोन सूत हलते. (इंचाची आठ सुते. सुतार अजून सुतातच बोलतात, टेप मीटरचा असला तरी.) देवदारासारखे मऊ लाकूड सव्वादोन-अडीच सूत. माझे टेबल तीस इंच रुंद होते. श्रावणात फुगलेल्या अवस्थेत मी त्याला आडव्या पट्ट्यांशी जखडले. उन्हाळ्यात त्याला साडेपाच सूत आत यायचे होते. पट्ट्यांची लांबी काही बदलणार नव्हती. मग ते जिथे सर्वांत अशक्त होते तिथे फुटले, आणि ती जागा माझ्या फेव्हिकॉलच्या सांध्याची नव्हती. सांधा टिकला, लाकूड गेले.

जुन्या सुतारांनी हे आकड्यांवाचून सोडवले होते. वाड्याच्या दाराची चौकट पाहा. रुंद फळी चौकटीच्या खोबणीत बसवलेली असते, पण चिकटवलेली नसते. ती खोबणीतल्या खोबणीत हवी तितकी हलते, दार मात्र बाहेरून तेवढेच राहते. साध्या घरांची दारे उभ्या फळ्यांची असत. आडव्या पट्ट्यांवर प्रत्येक फळी वेगळी ठोकलेली आणि दोन फळ्यांमध्ये फट. आम्हा पुस्तकी माणसांना ती फट गरिबीची खूण वाटते.

त्याच सुमारास एन्झो मारी माझ्या वाचनात आले. 2020 सालच्या ऑक्टोबरात मिलानमध्ये ते वारले, तेव्हा आलेल्या लेखांतून. मारी इटलीतले नामवंत वस्तुरचनाकार. मोठमोठ्या कंपन्यांसाठी त्यांनी काम केले आणि आयुष्यभर त्याच बाजारावर चिडून राहिले. 1974 साली त्यांनी एक लहानशी पुस्तिका काढली. तिच्या इटालियन नावाचा भावार्थ 'स्वतःची रचना स्वतः करण्याचा एक प्रस्ताव' असा होईल. तीत टेबले, खुर्च्या, बाक, पलंग, पुस्तकांचे कपाट अशा 19 वस्तूंची मापांसह रेखाचित्रे होती. साहित्य म्हणजे लाकूडवाल्याकडे मिळणाऱ्या साध्या फळ्या आणि खिळे. हत्यारे म्हणजे करवत आणि हातोडी. जो टपालखर्च पाठवेल त्याला पुस्तिका मिळे. या वस्तू कोणीही करून पाहाव्यात, फक्त कारखानदार आणि व्यापारी यांनी नाही, अशी अट होती.

हजारो लोकांनी पत्रे पाठवली. त्यातल्या बहुतेकांना ही स्वस्तात, गावठी थाटाचे सामान मिळवण्याची युक्ती वाटली, याचे मारींना दुःख झाले. त्यांचे म्हणणे वेगळे होते. माणसाने एकदा खुर्ची स्वतः ठोकली, की खुर्ची का डळमळते, तिरकी पट्टी कशासाठी असते, कुठे लाकूड उगाच खर्च झाले आहे हे त्याला कळते. पुढे दुकानात गेल्यावर तो झगमगाटाला फसत नाही. म्हणजे करायचे ते टेबल, पण घडायची ती नजर.

मी त्यांच्या रेखाचित्रांकडे पुन्हापुन्हा पाहिले आणि माझी चूक लख्ख दिसली. मारींच्या वस्तूंत कोरीव सांधे नाहीत. मजबुती आहे ती त्रिकोणांची. चार पट्ट्यांचा चौकोन खिळ्यांवर तिरपा होतो, पण तिरकी पट्टी मारून त्याचे त्रिकोण केले की हलत नाही. आणि फळ्या सुट्या ठोकलेल्या. प्रत्येक फळी आपापली आकसते, आपापली फुगते. खिळा थोडा वाकतो, तेवढी मोकळीक देतो. सरस किंवा फेव्हिकॉल ती देत नाही. सुधारणा म्हणून जे मी घातले होते त्यानेच टेबल फोडले होते. दुसरे टेबल सुट्या फळ्यांचे केले. चैत्रात दोन फळ्यांमधल्या फटीत पोस्टकार्ड सहज उभे राहते, आषाढात शिरतसुद्धा नाही.

खिळ्याबद्दल एक सांगून ठेवते. फळीच्या टोकात, म्हणजे नळ्यांच्या दिशेने ठोकलेला खिळा फार धरत नाही, नळ्यांमधून सरकून बाहेर येतो. आडवा ठोकलेला धरतो. घरच्या घरी केलेल्या बहुतेक खुर्च्या मोडतात त्या इथे.

टेबलानंतर मी झाडांच्या लाकडी पेट्यांकडे वळले, आणि तिथे प्रश्न फुटण्याचा नाही, विषाचा निघाला. आपल्याकडे फुकट किंवा स्वस्त लाकूड म्हणजे मालाच्या पेट्या आणि पॅलेट. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या पेट्यांवर एक शिक्का असतो: गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाची दोन अक्षरे (भारताची 'आयएन'), एक क्रमांक आणि शेवटी दोन अक्षरे. हा लाकडातून कीड देशोदेशी पसरू नये म्हणून 2002 साली ठरलेला आंतरराष्ट्रीय नियम. शेवटी 'एचटी' असेल तर लाकडाचा गाभा 56 अंशांवर निदान 30 मिनिटे तापवलेला असतो, बस्स. 'एमबी' असेल तर त्यावर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. वायू बराचसा उडून जातो हे खरे, पण खाण्याच्या भाजीसाठी मी ते लाकूड घेत नाही. शिक्का नसलेल्या पेटीत पूर्वी काय सांडले हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून तीही नको.

याहून मोठी गोष्ट हिरवट झाक असलेल्या लाकडाची. तिचा उगम आपल्याच देशात आहे हे कळले तेव्हा मी चकित झाले. लाकूड कुजू नये म्हणून त्यात तांब्याचे आणि आर्सेनिकचे क्षार भरत, पण पावसात ते धुऊन जात. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेशन यांनी 1933 साली त्यात क्रोमियमचा क्षार मिसळला. क्रोमियममुळे बाकीचे दोघे लाकडाच्या तंतूंना धरून राहतात. आर्सेनिक आणि तांबे यांच्या रासायनिक चिन्हांवरून त्या मिश्रणाला 'आस्कू' असे नाव पडले. 1938 साली अमेरिकेत पेटंट मिळाले आणि पुढे जगभर विजेचे-टेलिफोनचे खांब, कुंपणे, गच्च्या, मुलांच्या खेळण्याच्या चौकटी या मिश्रणाने भरलेल्या लाकडाच्या होऊ लागल्या. एका भारतीय रसायनज्ञाने कोट्यवधी झाडे तोडण्यापासून वाचवली असे म्हणता येईल, कारण खांब पाच वर्षांऐवजी काही दशके टिकू लागला. पण धरून राहणे म्हणजे कायमचे कैद होणे नव्हे. थोडे आर्सेनिक भोवतालच्या मातीत उतरतेच. 2003 अखेर अमेरिकेतल्या उत्पादकांनी घरगुती वापरासाठी असे लाकूड करणे थांबवले. कामेशन यांचे नाव आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? मला पन्नाशीपर्यंत नव्हते.

तेव्हा, जुन्या खांबाचे लाकूड वाफ्याला वापरू नये आणि चुलीत तर मुळीच घालू नये, राखेत आर्सेनिक उरते. रेल्वेचे जुने स्लीपर हल्ली फार्महाऊसवर बाक म्हणून दिसतात. त्यातल्या अनेकांत क्रिओसोट मुरवलेले असते, आणि क्रिओसोटमध्ये कर्करोगकारक द्रव्ये असतात. उन्हात ज्याचा डांबरी वास येतो त्यावर उघड्या अंगाने बसू नये.

मग पेटी कशाची करावी? सागाच्या गाभ्याची. सागाला त्याचा टिकाऊपणा गाभ्यातल्या द्रव्यांमुळे मिळतो. सालीलगतच्या फिक्या पट्ट्यात ती द्रव्ये नसतात, तो लवकर कुजतो. लागवडीच्या कोवळ्या सागात हा फिका भाग पुष्कळ असतो आणि दुकानात तोही सागाच्याच भावाने विकतात. फळी घेताना टोक पाहावे. पाडलेल्या वाड्यांचा जुना साग मिळाला तर उत्तमच. तो पुरेपूर वाळलेलाही असतो.

बुरशीला लाकडात 20 टक्क्यांच्या वर पाणी लागते. म्हणून सारी युक्ती पाणी थांबू न देण्याची. तळाला फळ्या सुट्या, दोन-तीन सुतांच्या फटी ठेवून. पेटी जमिनीपासून दोन इंच उचललेली. प्लास्टिकचे अस्तर फक्त बाजूंना, तळाला नाही. माझ्या पहिल्या पेटीत मी तळालाही अस्तर घातले. दुसऱ्या पावसाळ्यात तळ हातात आला. आणखी एक, वजनाचा हिशोब आधी करावा. तीन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल पेटीत सुमारे 85 लिटर माती बसते; ओली झाली की सव्वाशे किलो, म्हणजे दोन माणसे. अशा चार पेट्या बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला रांगेने ठेवणे म्हणजे आठ माणसे तिथे रात्रंदिवस उभी करणे. मी निम्मी माती आणि निम्मा कोकोपीट घालते आणि पेट्या भिंतीलगत ठेवते.

हे सारे सांगताना मिस्त्रींचा एक प्रश्न मनातून जात नाही. मारींची चित्रे दाखवली तेव्हा त्यांनी विचारले, "म्हणजे सगळ्यांनी घरीच केलं तर आमचं काय, ताई?" त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाड्या'त (1915) बलुतेदारांच्या पहिल्या ओळीत सुतार आहे, नांगराचे काम त्याच्यावाचून अडे. आमच्यासारख्या घरांत मात्र हाताने काम करणे हे सुतारावर सोपवायचे आणि त्याच्याशी दोन-पाचशे रुपयांवरून घासाघीस करायची, एवढाच संबंध राहिला. आता आम्ही छंद म्हणून करवत हातात घेतो आणि त्याचे कौतुक होते. ज्याच्या आजोबांनी हेच पोटासाठी केले त्याचे कधी झाले नाही.

मी त्यांना बर्लिनची हकीकत सांगितली. 2013-14 च्या सुमाराला आफ्रिकेतून समुद्रमार्गे आलेल्या काही निर्वासित तरुणांनी तिथे 'कुकुला' नावाची कार्यशाळा उभी केली आणि मारींच्या चित्रांवरून खुर्च्या करू लागले. विकण्याची बंदी असतानाही मारींनी त्यांना विकायची परवानगी दिली. मिस्त्रींनी ऐकून घेतले. मग चित्राचा कागद जवळ ओढून पेन्सिलीने त्यावर दोन ठिकाणी खुणा केल्या.

"इथे खिळा कशाला? कुसू घालतो. आणि पाठ एवढी सरळ नको, माणूस बसणार आहे."

खुर्ची त्यांनी आठ दिवसांत दिली. सागाच्या जुन्या वाशातून, खिळ्यावाचून. मी सांगितलेली मजुरी दिली. ते आता त्या नमुन्याच्या खुर्च्या गिऱ्हाइकांना करून देतात, आणि कागदाची झेरॉक्स दुकानात फळीवर टाचलेली आहे.