एज, रोझली बॅरो
(३ नोव्हेंबर १८७७–३० नोव्हेंबर १९६२). शिकारी पक्ष्यांच्या जगातील पहिल्या अभयारण्याच्या संस्थापक अमेरिकन महिला. जन्म न्यूयॉर्क येथे. प्रारंभी त्या स्त्रीमताधिकाराच्या चळवळीत होत्या. १९२९ मध्ये त्यांनी ‘इमर्जन्सी कॉन्झर्वेशन कमिटी’ स्थापन करून पत्रकांद्वारे लोकजागृती केली. त्या काळी ससाणे, गरुड इ. शिकारी पक्षी उपद्रवी मानले जात. पेनसिल्व्हेनिया राज्यात गॉसहॉक मारणाऱ्यास ५ डॉलर बक्षीस मिळे. तेथील किटाटिनी डोंगररांगेवरून शरद ऋतूत स्थलांतर करणारे हजारो पक्षी शिकारी गोळ्या घालून मारीत. १९३४ मध्ये एज यांनी तेथील सु. १,४०० एकर जमीन भाडेपट्ट्याने घेतली व एका पक्षिनिरीक्षक दांपत्यास रक्षक म्हणून नेमले. त्यामुळे तेथील शिकार थांबली. पुढे ती जमीन विकत घेऊन १९३८ मध्ये त्यांनी ‘हॉक मौंटन सँक्च्युअरी असोसिएशन’च्या स्वाधीन केली.

तेथे १९३४ पासून होत आलेल्या पक्षिगणनेत पुढे टकल्या गरुडाच्या अल्पवयीन पक्ष्यांचे प्रमाण घटल्याचे आढळले. रेचल कार्सन यांनी १९६२ मध्ये सायलेंट स्प्रिंग या ग्रंथात डीडीटीच्या दुष्परिणामांचा पुरावा म्हणून या नोंदी वापरल्या. उपद्रवी ठरविलेल्या पक्ष्यांचे रक्षण अशा रीतीने पर्यावरणविज्ञानासही उपकारक ठरले.