चष्म्याच्या काचेची कड

गल्लीत धार लावणारा आला की आपण दोन मिनिटे तरी तिथे रेंगाळतो. पायाने चाक फिरवीत तो सुरी सहाणेला टेकवतो आणि ठिणग्यांचा फुलबाजा उडतो. चष्म्याच्या दुकानामागच्या छोट्या कार्यशाळेतही असेच एक चाक फिरत असते. मात्र तेथे ठिणग्या उडत नाहीत, पाण्याचे तुषार उडतात आणि चाकाला टेकलेली असते ती काच.

कारखान्यातून येणारी चष्म्याची काच तुमच्या फ्रेमच्या आकाराची नसते. ती एखाद्या बशीसारखी गोल असते. तिचा व्यास साधारणपणे ६५ किंवा ७० मिलिमीटर असतो. नंबर तिच्यात आधीच घडवलेला असतो, कारण तो पुढच्या व मागच्या पृष्ठभागांच्या वक्रतेवर अवलंबून असतो. फ्रेममध्ये बसेल इतकी कड घासणे एवढेच काम उरते. या कामाला ‘एजिंग’ म्हणतात आणि ते करणाऱ्या यंत्राला ‘एजर’.

तुम्ही म्हणाल, कड तर घासायची, मग त्यात एवढे विज्ञान ते काय? एक छोटेसे गणित करू, म्हणजे उत्तर आपोआप मिळेल.

चार मिलिमीटरची किंमत

तुमच्या चष्म्याच्या काडीच्या आतल्या बाजूस ५०, १८, १४० असे आकडे असतील. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची रुंदी व तिसरा काडीची लांबी दाखवतो. सर्व मापे मिलिमीटरमध्ये असतात. अशा फ्रेममधील दोन काचांच्या मध्यबिंदूंमधील अंतर ५० + १८ = ६८ मिलिमीटर होते.

आता समजा, एका विद्यार्थ्याच्या दोन बाहुल्यांमधील अंतर ६० मिलिमीटर आहे. म्हणजे प्रत्येक काचेचे प्रकाशीय केंद्र फ्रेमच्या मध्यापासून ४ मिलिमीटर नाकाकडे सरकवूनच कड घासली पाहिजे. कारागिराने हे न पाहता केंद्र फ्रेमच्या बरोबर मध्यावर ठेवले, तर काय होईल?

भिंगाच्या प्रकाशीय केंद्रातून जाणारा किरण न वळता सरळ जातो. केंद्रापासून दूर गेलो की तेच भिंग लोलकाप्रमाणे वागू लागते आणि किरणाला वळवते. किती वळवते, ते सांगणारा नियम प्रेंटिस यांच्या नावाने ओळखला जातो. केंद्रापासूनचे अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या आणि त्याला नंबराने गुणा. उत्तर येते ते लोलक-डायॉप्टरमध्ये. एक लोलक-डायॉप्टर म्हणजे एक मीटर अंतरावर किरण एक सेंटिमीटर बाजूला सरकणे.

आपल्या विद्यार्थ्याचा नंबर उणे ६ असेल, तर ०.४ × ६ = २.४ लोलक-डायॉप्टर. हे एका डोळ्याचे झाले. दोन्ही डोळ्यांचे मिळून ४.८! उणे नंबराची काच कडेला जाड असते, म्हणून येथे लोलकाची जाड बाजू नाकाकडे येते. एकच चित्र दिसावे यासाठी दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूस वळावे लागते. वाचताना आत वळण्याची डोळ्यांना सवय असते, पण बाहेर वळण्याची त्यांची ताकद फारच थोडी. मग डोके दुखते, अक्षरे दुहेरी दिसतात आणि मुलगा चष्मा काढून दप्तरात टाकतो. घरचे म्हणतात, “चष्मा घालायचा कंटाळा करतो.” डॉक्टरांनी काढलेला नंबर बरोबर आहे, काचही बरोबर नंबराची आहे. चूक आहे ती फक्त चार मिलिमीटरची.

अक्ष फिरला तर?

काहींच्या नंबरात ‘सिलिंडर’ असतो. अशा काचेची शक्ती सर्व दिशांना सारखी नसते, म्हणून ती ठरावीक कोनातच बसवावी लागते. काच घासताना ती यंत्राच्या पकडीत किंचित फिरली, तर तिचा अक्षही फिरतो. अशा वेळी राहणारा दोष सिलिंडरच्या नंबराला २ आणि त्या कोनाच्या साइनने गुणून मिळतो. ५ अंश फिरल्यास सुमारे १७ टक्के दोष राहतो, १० अंशांना सुमारे ३५ टक्के. आणि ३० अंश फिरल्यास? ३० अंशांचा साइन १/२, म्हणजे २ × १/२ = १. दोष पूर्वीइतकाच राहिला! चष्मा लावूनही सिलिंडरचा फायदा शून्य.

पाणी व धूळ चिकटू नये म्हणून गुळगुळीत लेप दिलेल्या काचा हल्ली मिळतात. त्या पकडीतून नेमक्या अशाच निसटतात. म्हणून अशा काचा घासण्यापूर्वी त्यांच्यावर न घसरणारी चकती चिकटवावी लागते.

चावीवाल्याची युक्ती

पूर्वी हे सारे काम हातानेच होई. कटरने काचेवर आकार आखायचा, जादा भाग पकडीने थोडा थोडा तोडायचा आणि ओल्या सहाणेवर कड फिरवीत आकार आणायचा. कुशल हाताला हे आजही साधते, पण प्रत्येक काचेला वेळ लागतो.

पुढे पॅटर्नवर चालणारे यंत्र आले. डुप्लिकेट चावी करणाऱ्याचे यंत्र तुम्ही पाहिले असेल. मूळ चावीच्या खाचांवरून एक बोट सरकते आणि त्याच हालचालीने दुसऱ्या बाजूस कोरी चावी कापली जाते. येथेही तसेच. फ्रेमच्या आकाराचा प्लास्टिकचा साचा आणि काच एकाच अक्षावर फिरतात. साचा टेकूवर टेकला की काच त्याहून खोल घासली जात नाही. पण फ्रेमच्या प्रत्येक नव्या आकारासाठी नवा साचा लागतो.

तिसऱ्या प्रकारच्या यंत्राला साचाच लागत नाही. एक बारीक सुई फ्रेमच्या खाचेतून फिरते आणि मध्यापासूनचे अंतर शेकडो बिंदूंवर मोजते. संगणक त्यावरून आकार ठरवतो आणि चाक त्याप्रमाणे घासते. अचूकता किती हवी, हे वर्तुळाच्या सूत्रावरून काढा. व्यास ०.१ मिलिमीटरने वाढला, तर परिघ ०.३१ मिलिमीटरने वाढतो. प्लास्टिकची फ्रेम गरम करून थोडी ताणता येते, पण धातूच्या फ्रेमचा स्क्रू एवढ्याशा वाढीनेही नीट मिटत नाही. जोर करून मिटवलाच, तर काचेत ताण राहतो. दोन पोलरॉइडच्या पट्ट्या एकमेकींना आडव्या धरून मध्ये काच ठेवली, की हा ताण उजळ डागांच्या रूपाने दिसतो.

काच एक, स्वभाव अनेक

आपण सगळ्यांनाच ‘काच’ म्हणतो, पण चष्म्यात आता बहुधा प्लास्टिक असते. खरी काच कठीण असते व घासताना तापून तडकू शकते. तिला हिऱ्याच्या कणांचे चाक आणि सतत पाण्याची धार हवी. १९४० साली अमेरिकेत तयार झालेले सीआर-३९ हे प्लास्टिक एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही, जसे उकडलेले अंडे पुन्हा पातळ होत नाही. पॉलिकार्बोनेटचा स्वभाव मेणासारखा. ते १५० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि त्याचा चिकट भुगा चाकाच्या कणांमध्ये अडकून चाक बोथट करतो. म्हणून पुष्कळ यंत्रांत त्याचे पहिले जाडेभरडे घासणे पाण्याविना करतात आणि अखेरची सफाई पाण्याखाली.

तेव्हा एका पदार्थासाठीचे चाक दुसऱ्याला चालतेच असे नाही.

मग यंत्र कोणते घ्यावे?

आता तुम्हीच एका छोट्या कार्यशाळेचे चालक आहात असे समजा. विक्रेत्याने तीन यंत्रे दाखवली. सर्वांत महागडे तेच उत्तम, असे म्हणून चालणार नाही. आधी काही प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, कोणत्या काचा येतात? पॉलिकार्बोनेट येत असेल, तर त्यासाठीचे चाक आहे का, ते पाहा. दुसरा, फ्रेम कोणत्या? पूर्ण कडेच्या फ्रेमला काचेच्या कडेवर उंचवटा लागतो, अर्ध्या फ्रेमच्या नायलॉन दोऱ्याला खाच लागते आणि बिनकडेच्या फ्रेमला भोके. तिसरा, दिवसाला काचा किती? समजा, १० चष्मे, म्हणजे २० काचा. एका काचेला १० मिनिटे लागली, तर २०० मिनिटे होतील. २ मिनिटे लागली, तर ४०. पण दिवसाला दोनच चष्मे असतील, तर वाचलेला वेळ यंत्राची किंमत भरून काढील का?

चौथा प्रश्न पाणी, वीज आणि गाळाचा. घासलेल्या काचेचा गाळ टाकीत साठवून वेगळा काढावा लागतो, नाहीतर मोरी तुंबते. कोरडा भुगा श्वासातून जाणेही चांगले नव्हे. भिंगे घासून पोट भरणारा तत्त्वज्ञ स्पिनोझा १६७७ साली वयाच्या ४४ व्या वर्षी फुप्फुसाच्या विकाराने वारला. काचेच्या धुळीने त्याचा आजार वाढवला असावा, असे अनेकांना वाटते. पाचवा प्रश्न, यंत्र बिघडले तर दुरुस्त कोण करणार? आणि शेवटचा, काम तपासणार कशावर? नंबर, केंद्र आणि अक्ष मोजणारे लेन्सोमीटर नसेल, तर महागडे यंत्रही चूक अगदी सफाईने करील.

कधीकधी योग्य उत्तर ‘यंत्रच नको’ हेही असते. जर्मनीतील एर्लांगेनचे गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षक मार्टिन आउफमुट यांनी गरीब देशांसाठी स्वस्त चष्मा तयार केला आणि २०१२ साली त्यासाठी संस्था स्थापन केली. स्प्रिंगच्या पोलादी तारेपासून फ्रेम वाकवण्याचे त्यांचे साधन एका लाकडी पेटीत मावते आणि त्याला वीज लागत नाही. पॉलिकार्बोनेटच्या काचा आधीच घासून आलेल्या असतात. त्या हाताने दाबल्या की बसतात. या साध्या गोलीय नंबराच्या काचांना अक्षच नसल्याने त्या कशाही फिरल्या तरी बिघडत नाही. मात्र सिलिंडर लागणाऱ्याची पूर्ण सोय त्यांनी होत नाही. प्रत्येक निवडीत काही मिळते, काही सोडावे लागते.

करून पाहा

तुमचा किंवा मित्राचा चष्मा हातभर अंतरावर धरा व त्यातून खिडकीच्या उभ्या-आडव्या गजांकडे पाहा. काचेतून दिसणारा गज व बाहेरचा गज एका रेषेत येईपर्यंत चष्मा हलवा. दोन्ही गज जुळले की ते जेथे छेदतात तेथे स्केचपेनने ठिपका द्या. ते प्रकाशीय केंद्र. दुसऱ्या काचेचेही काढा आणि दोन ठिपक्यांमधील अंतर मोजा. मग चष्मेवाल्याला दूर पाहायला सांगून त्याच्या बाहुल्यांमधील अंतर मोजा आणि दोन्हींची तुलना करा. चष्मा जागच्या जागी फिरवताना गज कात्रीच्या पात्यांसारखे हलले, तर काचेत सिलिंडर आहे असे समजा. दूरचा व जवळचा असे दोन्ही नंबर असलेल्या काचांना मात्र ही रीत लावू नका.

अंतरांत फरक निघाला, तर तो सेंटिमीटरमध्ये मांडून नंबराने गुणा. नंबर कमी असेल, तर उत्तर लहान येईल आणि काळजीचे कारण नाही. नंबर मोठा असेल आणि डोकेही दुखत असेल, तर चष्मा दप्तरात टाकू नका. जेथून घेतला तेथे जाऊन केंद्र तपासून मागा.